निगेटिव्हवरची पेन्सिल

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझ्या भाचीसाठी एक रिश्ता आला. मुलगा दुबईत, घर महाडकडचं. फोटो पाठवा म्हणाले. भाचीने भावाच्या निकाहातला एक फोटो काढून दिला. मी तो माझ्या फोनवर उघडला, कोपऱ्यात जादूच्या कांडीचं चित्र असतं त्यावर बोट ठेवलं, खालची एक पट्टी थोडी उजवीकडे सरकवली आणि पाठवून दिला. मिनिटभराचं काम. दोन रविवारांनी चार बायका घरी आल्या. सरबत झालं, शेवया झाल्या, कोण कुठल्या गावचं, कुणाचे मामू कुणाच्या शेजारी, हे सगळं झालं. उठता उठता त्यातल्या थोरल्या बाई माझ्या बहिणीला म्हणाल्या, "फोटोत वेगळी वाटत होती."

भाची आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं.

पट्टी मी सरकवली हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं, खोट आपल्यातच आहे. त्यानंतर तिने मैत्रिणीच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली आणि रोज रात्री लावायला लागली. महिन्याभरात चेहरा खरंच उजळला. घरात कौतुक झालं, मीही केलं. चौथ्या महिन्यात उन्हात उभं राहिलं की गाल पेटल्यासारखे लाल व्हायचे, हनुवटीवर बारीक लव यायला लागली, आणि ट्यूब थांबवली तर पुरळ. त्वचेच्या डॉक्टरबाईंनी ट्यूब उलटीसुलटी करून पाहिली. तिच्यात स्टिरॉइड होतं. वांगासारख्या डागांवर, डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडेच दिवस लावायचं ते औषध. आपल्याकडे ते गोरं व्हायचं क्रीम म्हणून चिठ्ठीशिवाय मिळतं.

मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. समोरचं समजेनासं झालं की मागे जाऊन बघायची खोड आहे. त्या दिवसापासून मी हेच वाचत बसले आहे, की बाईचा चेहरा आणि त्यावर बोलणारी माणसं यांच्यामध्ये फोटो कधी आला, आणि आल्यावर त्याने काय काय केलं.

फोटो नव्हता तेव्हा सगळं बरं होतं, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. माझ्या नानीचं लग्न चाळीसच्या दशकातलं, खेड तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातलं. तिला नानांच्या घरच्या बायका बघायला आल्या होत्या. केस मोकळे करायला लावले, चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला. परत जाऊन त्यांनी सांगितलं, "रंगाने उतरती आहे, पण नाकीडोळी नीटस." हे वाक्य नानी ऐंशीव्या वर्षीही जसंच्या तसं सांगायची, हसत सांगायची, पण सांगायचीच. हैदराबाद, दिल्ली, लखनौकडे हे काम करणाऱ्या बाईला मश्शाता म्हणत. नवरीला सजवणारी आणि स्थळं जुळवणारी ती एकच. तिची जीभ हाच फोटो. अमकीचा रंग कसा, तमकीची कंबर कशी, हे घरोघर तिच्याच तोंडून पोचायचं. पोरीचं नशीब तिच्या विशेषणांवर. म्हणजे आज ज्याला आपण कॉमेंट म्हणतो ती फोटोच्या आधीपासून आहे. फोटो नंतर आला.

आणि हे आपल्या घरांत चालायचं जिथे हज्जतुल विदाचा खुत्बा सगळ्यांना माहीत. गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, हे वाक्य मी लहानपणापासून किती जलशांत ऐकलं असेल! सूरह हुजुरातमध्ये बायकांनी बायकांची टर उडवू नये, नावं ठेवू नयेत अशी सक्त ताकीद आहे, तीही ऐकलेली. वाज़ संपल्यावर तीच माणसं शिरखुर्मा खात "पोरगी गोरी हवी हां" म्हणताना मी पाहिलेली आहेत. असो.

पण नानीच्या बाबतीत बोलणारी तोंडं सहा होती. गावाच्या वेशीपलीकडे ते वाक्य गेलं नाही. आणि मुख्य म्हणजे तिच्यापुढे तुलनेला कोण होतं? गावातल्या दहाबारा पोरी, दोन मावसबहिणी. त्या सगळ्या तिच्यासारख्याच उन्हात वाढलेल्या, भात लावणाऱ्या.

आता परद्यातल्या बायकांचे फोटो पहिल्यांदा कसे निघायला लागले ते बघू. फोटोग्राफर पुरुष, आणि परपुरुषासमोर चेहरा उघडायचा नाही. यावर १८९२ साली हैदराबादेत एक तोड निघाली. लाला दीनदयाळ हे त्या काळचे देशातले मोठे फोटोग्राफर. पुढे सहाव्या निझामाने, महबूब अली खानने, त्यांना दरबारी फोटोग्राफर केलं आणि राजा मुसव्विर जंग हा किताब दिला. त्यांनी फक्त बायकांसाठी ज़नाना स्टुडिओ उघडला. चालवायला मिसेस केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई. उंच भिंती, आत पुरुषाला मज्जाव. त्या काळी आपला सगळा मराठवाडा निझामाच्या राज्यात होता, त्यामुळे ही गोष्ट तितकीशी परकी नाही. दीनदयाळांनी १८९६ मध्ये मुंबईतही स्टुडिओ थाटला.

मला हा स्टुडिओ फार विचार करायला लावतो. बाई कॅमेऱ्यासमोर बसली, तिचं कुणी काही हिरावून घेतलं नाही, चेहरा बाईनेच पाहिला. पण फोटो? फोटो भिंतीबाहेर जाऊ शकत होता. बाई परद्यात आणि तिचा चेहरा कागदावर, दोन वेगळ्या ठिकाणी. ही फारकत तिथे सुरू झाली. त्या बेगमांना याची जाणीव नसेल असं मला वाटत नाही. म्हणून ते फोटो पेटीत, अत्तराच्या कुप्यांशेजारी, कुलपात राहायचे.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. फोटो सुधारून घेणं ही कॉम्प्युटरची देणगी नाही. म्युनिकचा फोटोग्राफर फ्रान्झ हान्फस्टेंगल याने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच माणसाचे दोन फोटो लावले होते, एक जसाच्या तसा आणि एक निगेटिव्हवर हात फिरवलेला. लोक थक्क झाले. त्यानंतर जगातल्या प्रत्येक स्टुडिओत हे काम करणारा कारागीर बसला. निगेटिव्हवर एक चिकटसर वॉर्निश लावायचं, ते वाळलं की अगदी टोकदार पेन्सिलने बारीक बारीक रेघा किंवा ठिपके मारायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. जिथे पेन्सिल काळं करील तिथे छापताना उजेड कमी जातो आणि कागदावर ती जागा गोरी होते. डोळ्यांखालची वर्तुळं, नाकाच्या बाजूच्या सावल्या, देवीचे व्रण, सगळं असं पुसता यायचं.

मला हे माहीत आहे कारण माझाच फोटो तसा निघाला. १९८४ साल. खेडच्या बाजारपेठेत एक स्टुडिओ होता, मागे काश्मीरचा पडदा, बाजूला प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. कोकणातल्या आमच्या निम्म्या घरांतले पुरुष तेव्हा कुवेत, बहारीन, दुबईत. रिश्त्याचा फोटो रजिस्टर पोस्टाने समुद्रापार जायचा आणि होकार-नकार पत्रातून किंवा कुणी सुट्टीवर येणाऱ्याबरोबर कॅसेटमध्ये बोलून यायचा. मला भिवंडीची चुलती घेऊन गेली होती. स्टुडिओवाल्या चाचांनी फोटो काढला आणि चुलतीला हळूच विचारलं, "कुवेतला जायचाय का?" चुलती म्हणाली, हो. ते म्हणाले, "मग परवा या."

परवा जो फोटो हातात आला तो बघून मला काय वाटलं ते खरं सांगते. आनंद झाला. मी इतकी छान दिसते हे मला माहीतच नव्हतं. कित्येक दिवस मी तो वहीत ठेवून बघायचे. नंतर आरशात बघितलं की वाटायचं, आरसा खराब आहे.

हे मी इथे थांबून लिहितेय, कारण पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे आणि ते मला चाळीस वर्षांनी कळलं.

चेहऱ्याचा रंग आणि कॅमेरा यांचं वैर जुनं आहे. सुरुवातीच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. ज्या कातडीत तांबूस-तपकिरी छटा, ती कागदावर आहे त्याहून काळी उमटायची, म्हणून नटनट्या पांढऱ्या मेकअपचे थर चढवत. पुढे रंगीत फिल्म आली तर तिचे रंग जुळवायला प्रयोगशाळांत एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड वापरत. कोडॅकच्या त्या कार्डाला 'शर्ली कार्ड'च म्हणायचे. तिची कातडी बरोबर दिसली की यंत्र बरोबर. बाकी जगाच्या कातड्यांनी आपापलं बघावं. कॅमेरा खोटं बोलत नाही, असं म्हणणाऱ्याने हे कार्ड एकदा पाहायला हवं.

आता स्नोकडे येते. माझ्या अम्मीच्या ट्रंकेत अफगाण स्नोची रिकामी बाटली होती, तिच्यात ती सेफ्टी पिना ठेवायची. मला वर्षानुवर्षं वाटायचं की ती काबूलहून आली. ती मुंबईची! इब्राहिम सुलतानअली पाटणवाला नावाच्या व्यापाऱ्याने १९१९ च्या सुमाराला ती बाजारात आणली. राजस्थानातल्या झालरापाटणहून मुंबईला आलेला माणूस, अत्तर आणि तेलाच्या धंद्यात शिकलेला. त्या काळात सौंदर्यप्रसाधनं म्हणजे विलायती माल. त्यात एका हिंदुस्थानी मुसलमानाने मुंबईत बसून असा माल केला, जो हिंदू, मुसलमान, पारशी सगळ्यांच्या घरांत गेला. असहकाराच्या दिवसांत नावामुळे लोकांना ही परदेशी वस्तू वाटली, बहिष्काराच्या यादीत गेली, तेव्हा त्यांनी गांधीजींना पत्र लिहिलं आणि गांधीजींनी खुलासा केला, अशी हकिकत सांगितली जाते. मुंबईच्या इतिहासात मुसलमान फक्त दंगलीच्या पानावर भेटतो असं ज्यांना वाटतं त्यांनी ही बाटली लक्षात ठेवावी. मला पाटणवालांचा अभिमान वाटतो, आणि तरी त्यांचा माल कशासाठी खपला हा प्रश्न काही केल्या जात नाही.

स्नो म्हणजे खरं तर काय? स्टिअरिक आम्ल, क्षार आणि पाणी घोटून केलेलं मलम. लावताना बर्फासारखं पांढरं दिसतं, चोळलं की दिसेनासं होतं आणि चेहऱ्यावर एक कोरडी, मऊ साय ठेवतं, तेलकटपणा झाकला जातो. रंग बदलण्याची त्यात ताकद नाही. अम्मी निकाहाला जाताना लावायची, परत आली की विहिरीच्या पाण्याने धुऊन टाकायची. तो दागिन्यासारखा होता, घातला, काढला. त्या बाटलीने बाईला "तू मुळातच चुकीची आहेस" असं सांगितलं नाही. निदान मोठ्याने नाही.

मोठ्याने सांगायला १९७५ उजाडावं लागलं. त्या वर्षी हिंदुस्थान लिव्हरने फेअर अँड लव्हली आणलं. नायासिनामाइड हे जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं द्रव्य त्यात होतं. पण विकलं जात होतं ते द्रव्य नव्हे, गोष्ट विकली जात होती. सावळी मुलगी, उदास बाप, ट्यूब, आणि शेवटी नोकरी किंवा नवरा. टीव्ही घराघरांत गेल्यावर ही गोष्ट रोज रात्री सांगितली जाऊ लागली. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी लावून धरल्या, तेव्हा २००३ मध्ये काही जाहिराती मागे घेतल्या गेल्या. जाहिरातींच्या नियामक परिषदेने २०१४ मध्ये नियम केले की सावळ्या माणसाला दुःखी किंवा अपयशी दाखवू नका. २०२० च्या जूनमध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर जगभर वादळ उठलं तेव्हा कुठे नावातला 'फेअर' गेला आणि 'ग्लो' आला. त्याच महिन्यात शादी डॉट कॉमने कातडीच्या रंगाची चाळणी काढून टाकली. पंचेचाळीस वर्षांत आपल्या मोहल्ल्यांतून, आपल्या जमातींतून, याविषयी एक ठरावसुद्धा झाल्याचं मला आठवत नाही. तलाकवर सभा झाल्या, परद्यावर झाल्या. रंगामुळे घरी बसलेल्या पोरींवर नाही.

मधला सुश्मिता-ऐश्वर्याचा १९९४ सालचा काळ सगळ्यांच्या आठवणीत आहे, तो मी सोडून देते. फक्त एवढं, की रंगाला त्यानंतर कंबर जोडली गेली. तोवर आमच्याकडे बारीक असणं हे आजारपण होतं. माहेरी आलेल्या पोरीला "सुकलीस गं" म्हणणं ही सासरची तक्रार होती, आणि "अंगाने भरलीस" ही दुआ.

हे नेमकं असंच असलेल्या एका दूरच्या मुलुखात जे घडलं ते आकड्यांनिशी नोंदलं गेलंय. पॅसिफिक महासागरातला फिजी. तिथल्या मूळ फिजियन समाजात भरलेलं अंग म्हणजे घरच्यांनी काळजी घेतल्याची खूण. भूक मंदावणं ही एक व्याधी मानतात, तिला नावही आहे, माकाके, आणि तिच्यावर झाडपाल्याचा काढा. ॲन बेकर ही हार्वर्डची मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ तिथे आधीपासून काम करत होती. १९९५ मध्ये नाद्रोगा भागात पहिल्यांदा टीव्ही आला. तो येऊन काही आठवडेच झाले असताना तिने शाळेतल्या ६३ मुलींची पाहणी केली. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच वयाच्या ६५ मुलींची. खाण्याविषयीच्या बिघडलेल्या वृत्तीची मोजणी पहिल्या वेळी १२.७ टक्के मुलींत धोक्याच्या रेषेवर होती, दुसऱ्या वेळी २९.२ टक्के. वजन उतरवायला मुद्दाम उलटी करणारी १९९५ मध्ये एकही नव्हती. १९९८ मध्ये ११.३ टक्के. चारातल्या जवळजवळ तिघी म्हणाल्या, आम्हाला आम्ही जाड वाटतो.

मुलींचा गट लहान होता, दोन वेळच्या मुली वेगळ्या होत्या, आणि त्या तीन वर्षांत फिजीत टीव्हीखेरीजही पुष्कळ काही बदललं असणार. बेकरने हे स्वतःच नोंदवलंय. पण मला त्या आकड्यांपेक्षा मुलींचं बोलणं जास्त लागलं. त्या म्हणत होत्या की मालिकेतल्या परदेशी नट्यांसारखं दिसलो तर नोकरी मिळेल, शहरात जाता येईल. नुसतं सुंदर दिसणं नव्हतं ते. आपल्या ट्यूबवाल्या जाहिरातीतली नोकरी आणि नवरा आठवा. पोरी मूर्ख नसतात. बाजार कशाला किंमत देतो ते त्या आपल्याआधी ओळखतात.

आणि हा सगळा परिणाम कशाचा? एका चॅनेलचा. संध्याकाळी काही तास लागणाऱ्या, उत्तर न देणाऱ्या, बंद करता येणाऱ्या पेटीचा.

इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झालं. चेहरा बोटाने घासूनपुसून घ्यायचं फेसट्यून हे ॲप २०१३ मध्ये आलं. २०१५ पासून कॅमेरा उघडतानाच चेहरा बदलून दाखवणारे फिल्टर आले. खेडच्या चाचांना दोन दिवस लागायचे, आता डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. फरक नुसता वेगाचा असता तर मी हे लिहीत बसले नसते. चाचांचा फोटो मी आयुष्यात एकदा पाहिला, लग्नाच्या वेळी. माझी भाची तो दिवसातून चाळीस वेळा बघते. नानीची तुलना मावसबहिणींशी होती, फिजीच्या मुलींची अमेरिकन नट्यांशी. हिची तुलना हिच्याशीच आहे, तिच्याच चेहऱ्याच्या थोड्या उजळ, थोड्या निमुळत्या जुळ्या बहिणीशी. नटीपुढे हरलं तर "ती नटी आहे" असं म्हणता येतं. इथे काय म्हणणार?

२०२१ च्या सप्टेंबरात वॉल स्ट्रीट जर्नलने फेसबुकच्या आतले कागद छापले. बाहेर काढणारी फ्रान्सिस हॉगन ही त्यांचीच कर्मचारी. त्यांच्या स्वतःच्या पाहणीत, ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं त्यांतल्या ३२ टक्के म्हणाल्या की इन्स्टाग्रामने ते आणखी वाढवलं. कंपनीचं म्हणणं पडलं की पाहणी लहान होती आणि बऱ्याच मुलींना फायदाही झाला. असेल. नॉर्वेने त्याच वर्षी कायदा केला की जाहिरातीत शरीर बदलून दाखवलं तर फोटोवर तसा शिक्का हवा. फ्रान्स आणि इस्रायलने असे नियम त्याआधीच केले होते. पण शिक्का बघून तुलना थांबते असं अभ्यासांत फारसं दिसलेलं नाही. मलाही १९८४ मध्ये माहीत होतंच की चाचांनी काहीतरी केलंय.

आमच्या मुलींच्या बाबतीत आणखी एक पदर आहे आणि तो टाळून हा लेख लिहिता येणार नाही. भाचीने हिजाबमधला फोटो टाकला की एक टोळी येते, ती काय लिहिते ते इथे छापण्यासारखं नाही. हिजाबशिवाय टाकला की दुसरी टोळी येते, आपल्यातलीच. तिची भाषा 'बहन' पासून सुरू होते आणि पाच ओळींत छाती, कंबर, कपड्यांचा तंगपणा इथे येऊन पोचते. दोघांच्या नजरा एकाच ठिकाणी असतात. २०२१ च्या जुलैत आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ ला मुसलमान बायकांचे फोटो त्यांच्याच खात्यांवरून उचलून लिलावाच्या नावाखाली ॲपवर मांडले गेले. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. दुसऱ्या वेळी तर शंभराहून जास्त. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने दुसऱ्या प्रकरणात लगेच अटका केल्या, हे नोंदवलं पाहिजे. लिलावात माणसाचं काय बघतात? अंग बघतात, रंग बघतात. मश्शातेची जुनी भाषा तिथे बाजारात उभी राहिली, आणि बोलणारी तोंडं आता सहा नव्हती.

त्या जानेवारीत भाचीने सगळे फोटो काढून टाकले. वर्षभराने परत टाकायला लागली ते फिल्टर लावूनच. मी तिला त्यावरून बोलले होते, इतकं काय गोरं व्हायचंय म्हणून. तेव्हा ती जे म्हणाली त्याकडे मी लक्ष दिलं नाही. ती म्हणाली, "खाला, तो चेहरा माझा नाही ना. म्हणून त्याला कोणी काही बोललं तर मला लागत नाही."

म्हणजे मी ज्याला नटणं समजत होते तो तिचा परदा होता. आणि त्याच परद्याने पुढे तिला आतून खाल्लं, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसतात ते मला अजून नीट सांगता येत नाही. दीनदयाळांच्या स्टुडिओच्या उंच भिंती आठवतात. भिंत बाईला राखायची, कागदाला नाही.

ट्यूब सुटायला नऊ महिने लागले. चेहरा आता शांत आहे, ऊन अजून सोसत नाही. अकोल्याच्या एका घरातल्या मायलेकींच्या मूत्रपिंडांवर क्रीममधल्या पाऱ्याने परिणाम झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. ती आठवली की वाटतं, आम्ही स्वस्तात सुटलो. मिनामाता कराराखाली जगभर पाऱ्याची क्रीमं बंद व्हायला हवी होती २०२० पर्यंत. मिळतात.

गेल्या रमज़ानमध्ये एका दुपारी, रोज़ा होता, स्वयंपाकाला वेळ होता, मी भाचीला सांगून टाकलं की तो फोटो मी बदलला होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "किती?" मी म्हटलं, थोडीशी पट्टी सरकवली. "का?" याला उत्तर नव्हतं. मी उठले आणि ट्रंकेतून माझा जुना लिफाफा काढला. चाचांनी स्टुडिओ बंद करताना गिऱ्हाइकांना निगेटिव्ह वाटून टाकल्या होत्या, त्यात माझीही मिळाली होती. तिने आयुष्यात निगेटिव्ह पाहिली नव्हती. मी ती खिडकीच्या उजेडात धरली. काळा चेहरा, पांढरे केस, पांढरी ओढणी काळी झालेली. जवळ नेल्यावर डोळ्यांखाली आणि नाकाच्या कडेला पेन्सिलच्या रेघा दिसल्या, तांदळाएवढ्या, एकाला एक लागून, शेकड्याने. काय मेहनत घेतली होती माणसाने.

तिने तिरकी करून उजेडात पुन्हा पाहिली, नखाने हलकेच एक रेघ खरवडून बघितली.

"इथे तर तुला काळं केलंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो. काळं केलं की गोरं येतं.

"येडपट आहेत सगळे," म्हणाली आणि निगेटिव्ह लिफाफ्यात घालून माझ्याकडे न देता स्वतःच्या पर्समध्ये टाकली.